जिभेखालची गोळी

गेले चार महिने हा लेख डोक्यात घोळतोय. दोनदा लिहायला घेतला आणि दोनदा पुसून टाकला. कारण सरळ आहे. इथे येणाऱ्यांत ब्लॉगर मित्र आहेत, तशा माझ्या दोन मावश्याही आहेत, आत्येभाऊ आहे, भाचरं आहेत, आणि ‘दादा, नवीन काही लिहिलंस की लिंक पाठव हं’ म्हणणारी धाकटी बहीण आहे. त्या सगळ्यांसमोर हा विषय काढायचा कसा? शेवटी हिलाच विचारलं. ती म्हणाली, “लिहा. त्या रात्री माझ्या हातून काय होणार होतं ते आठवलं की अजून दचकून जाग येते मला. लिहा, आणि गुळमुळीत लिहू नका.”

तेव्हा मंडळी, ज्यांना अवघड वाटेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही. (पण खरं सांगू? ज्यांना अवघड वाटतंय त्यांच्यासाठीच लिहितोय.)

मी छप्पन्न वर्षांचा आहे. नऊ वर्षं डायबेटिस, सहा वर्षं बीपी. आणि गेली दोन-तीन वर्षं अशी एक तक्रार, जिला आपल्या भाषेत धड शब्द नाही. ‘नपुंसकता’ म्हणतात, पण ते काही आजाराचं नाव नव्हे, ती शिवी आहे. डॉक्टर लोक ‘इरेक्टाइल डिस्फंक्शन’ म्हणतात. म्हणजे लिंगाला ताठरता न येणं, किंवा आली तरी न टिकणं. बस्स, इतकंच आहे ते. लिहिलं. आकाश काही कोसळलं नाही.

ही तक्रार मी डॉक्टरांना सांगितली नाही. दर तीन महिन्यांनी साखर तपासायला जातो, पायांना मुंग्या येतात का, डोळे तपासले का, सगळं बोलणं होतं. हे नाही. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं कुणाला, तर ऑफिसातल्या एका मित्राला, तेही चहाच्या टपरीवर, हसत हसत, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगतोय. त्याने डोळा मारला आणि एका गोळीचं नाव सांगितलं. झालं माझं कन्सल्टेशन!

गोळी स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये घेतली. आमच्या नेहमीच्या दुकानातून नाही, तिथे सगळे ओळखतात. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता विचारलं, “पन्नास की शंभर?” मी पन्नास म्हणालो. त्याने पट्टी कात्रीने कापली, चार गोळ्या खाकी पाकिटात टाकल्या. चिठ्ठी मागितली नाही. बीपी आहे का, हार्टचं काही आहे का, दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, काही नाही. मीही काही विचारलं नाही. दोघांनाही घाई होती. मला तिथून पळायची आणि त्याला पुढच्या गिऱ्हाइकाची.

वर्षभरात ती गोळी मी सात-आठ वेळा घेतली असेल. डोकं दुखायचं, नाक चोंदायचं, चेहरा लाल व्हायचा. हिने एकदा कपाळाला हात लावून “ताप आहे का हो?” असंही विचारलं होतं. मी म्हणालो, उन्हाचं झालं असेल. नोव्हेंबरात.

आता त्या रात्रीकडे येतो. एका लग्नाच्या रिसेप्शनहून उशिरा घरी आलो. जेवण म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे, पनीर, तळलेलं, वर दोन गुलाबजाम. घरी येऊन गोळी घेतली. अर्धा-पाऊण तास झाला तरी काही फरक नाही. (तेलकट-तुपकट जेवणावर ही गोळी अंगात मुरायला सुमारे तासभर उशीर लागतो, हे मला नंतर कळलं.) मी आणखी एक घेतली. मग तासाभराने छातीत जळजळ सुरू झाली. मग घाम. मग असं वाटायला लागलं की छातीवर कुणी पाटा ठेवलाय. ही घाबरली. मुलीने १०८ ला फोन लावला. आणि हिला आठवली अण्णांची डबी.

अण्णा म्हणजे माझे वडील. चौऱ्याऐंशी वर्षांचे. बारा वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. त्यांच्या उशाशी एक छोटी स्टीलची डबी असते, तिच्यात सॉर्बिट्रेट. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची. हार्ट पेशंट असलेल्या घरात ही डबी कुठे असते हे लहान मुलालाही माहीत असतं. ही धावत जाऊन ती डबी घेऊन आली, गोळी काढली आणि म्हणाली, “अहो, जीभ वर करा.”

मी दात आवळले.

कारण मला माहीत होतं. कधीतरी नेटवर उगाच वाचताना नजरेखालून गेलं होतं, की ही गोळी आणि ती गोळी एकत्र चालत नाही. त्या मेडिकलवाल्याने नाही, मित्राने नाही, निव्वळ योगायोगाने माहीत होतं. मी म्हणालो, “नको.” ती म्हणाली, “का नको? वेळ घालवू नका, उघडा तोंड.” दारात अण्णा काठी टेकून उभे. मुलगी हातात फोन घेऊन उभी. आणि मी काय म्हणावं? मी म्हणालो, “आधी अण्णांना बाहेर जायला सांग.”

आज हसू येतं. पण ते काही सेकंद मी विसरणार नाही. छातीत कळ येत असताना मी हिशेब करत होतो, की हे सांगण्यापेक्षा ती गोळी घेऊनच टाकावी का. होईल ते होईल. खोटं नाही सांगत, हा विचार माझ्या मनात आला होता. शिकलेला, नोकरी केलेला, ब्लॉग लिहून लोकांना शहाणपण शिकवणारा माणूस मी!

शेवटी सांगितलं. तिने डबी बंद केली. हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरने विचारलं, “काका, कुठली औषधं चालू आहेत?” मी म्हणालो, “साखरेची, बीपीची,” आणि थांबलो. परत तेच! तेव्हा हीच पुढे होऊन म्हणाली, “आणि तीन तासांपूर्वी सिल्डेनाफिल. दोन गोळ्या, शंभर मिलिग्रॅम.” त्या मुलाने भुवईसुद्धा उचलली नाही. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, नायट्रेट द्यायचं नाही. ईसीजी नीट होता, रक्ताची तपासणी दोनदा केली, तीही नीट. निघाली ती अ‍ॅसिडिटी. अ‍ॅसिडिटी हासुद्धा त्याच गोळीचा एक नेहमीचा साइड इफेक्ट. गुलाबजामांनी हातभार लावला असणारच.

असो. आता मुद्द्याचं बोलतो, कारण नुसती हकिगत सांगायला हा लेख नाही.

ही गोळी करते काय? आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू अगदी कणाकणाने तयार होतो. त्याच्यामुळे ‘सीजीएमपी’ नावाचं एक रसायन वाढतं, ते वाढलं की रक्तवाहिनी सैल होते, रक्त जास्त वाहतं. काम झालं की शरीरातलं एक एन्झाइम ते रसायन मोडून टाकतं. सिल्डेनाफिल त्या मोडणाऱ्याला अडवते. म्हणजे नळ उघडत नाही, पण मोरीचं भोक बुजवून ठेवते. आणि सॉर्बिट्रेट काय करते? ती शरीरात जाऊन नायट्रिक ऑक्साइड सोडते, म्हणजे नळ पूर्ण उघडते. नळ वाहता आणि मोरी बंद, तर घराचं काय होईल? अंगभरच्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात, बीपी धाडकन कोसळतं, हृदयाला आणि मेंदूलाच रक्त मिळेनासं होतं. माणूस जाऊ शकतो. वाचवायला दिलेल्या गोळीने जाऊ शकतो.

गंमत म्हणजे या दोन गोळ्यांचं नातं आजचं नाही. सिल्डेनाफिल शोधली गेली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या सँडविच या गावी, फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि शोधली जात होती ती अंजायनावर, म्हणजे अण्णांच्याच छातीच्या दुखण्यावर. त्या कामाला ती फारशी उपयोगी पडली नाही. चाचण्यांतल्या पुरुषांनी जो ‘साइड इफेक्ट’ सांगितला, तोच पुढे औषध झाला. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत तिला व्हायग्रा या नावाने परवानगी मिळाली. त्याच १९९८ साली नायट्रिक ऑक्साइडचं हे काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना वैद्यकाचं नोबेल मिळालं. आणि ज्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीनच्या सुरुंगावर पैसा कमावला, त्याला म्हातारपणी छातीच्या दुखण्यावर डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच घ्यायला सांगितलं होतं! सांगायचा मुद्दा हा, की त्या चाचण्यांतल्या माणसांनी लाजून तोंड बंद ठेवलं असतं, तर हे औषध सापडलंच नसतं. सांगितलं म्हणून सापडलं. आणि आपण ते न सांगता घेतोय.

नायट्रेटचा धोका हा काही बारीक अक्षरातला, लाखात एखाद्याला होणारा धोका नाही. ही या औषधाची पहिली आणि सगळ्यात ठळक मनाई आहे. सिल्डेनाफिल घेतल्यावर चोवीस तास नायट्रेट द्यायचं नाही. टॅडालाफिल नावाची दुसरी गोळी आहे, ती अंगात जास्त वेळ राहते, तिच्यासाठी अठ्ठेचाळीस तास. म्हणजे शनिवारी रात्री घेतलेली गोळी सोमवारी सकाळच्या लोकलमध्येही तुमच्यासोबत असते.

आता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बघा. हार्ट अ‍ॅटॅक आला तर खिशात ठेवायच्या गोळ्यांचा मेसेज वर्षातून चारदा येतो. त्यात सॉर्बिट्रेट असते. खाली हात जोडलेले, गुलाबाचं फूल, ‘जास्तीत जास्त शेअर करा’. मी आलेले सगळे मेसेज शोधून परत वाचले. एकातही हे वाक्य नाही, की ‘रुग्णाने काल-परवा ती गोळी घेतली आहे का, हे आधी विचारा.’ आणि त्याच ग्रुपवर, त्याच गोळीवरचे विनोद मात्र दर आठवड्याला येतात. सत्तरीचे आजोबा, नवी नवरी, मेडिकलवाला... त्या विनोदांवर हसण्याची मुभा आहे, पण तिच्याबद्दल एक कामाचं वाक्य लिहायची चोरी आहे. मीही त्या विनोदांना दात काढणारे पिवळे चेहरे टाकलेले आहेत. तेव्हा पाकीट माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात होतं.

बाकीचे साइड इफेक्ट सांगतो, कारण ते सांगताना लोक दोन टोकाला जातात. एक टोक म्हणतं, ही गोळी म्हणजे विष, हार्ट अ‍ॅटॅक येतोच. दुसरं म्हणतं, पेपरमिंट आहे रे, घे. दोन्ही चूक. हृदय ठीक असलेल्या माणसाला, योग्य डोसमध्ये, डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली तर ती बऱ्यापैकी सुरक्षित आहे. फुफ्फुसातल्या रक्तदाबाच्या एका गंभीर आजारावर हेच औषध बायकांनाही देतात, २००५ पासून अमेरिकेत त्याला रीतसर मान्यता आहे. डोकेदुखी, चेहरा तापणं, नाक चोंदणं, अपचन हे नेहमीचे त्रास, काही तासांत जातात. टॅडालाफिलने पाठ आणि स्नायू दुखतात. काहींना थोडा वेळ सगळं निळसर दिसतं, कारण डोळ्यांच्या पडद्यात त्या एन्झाइमचा एक भाऊबंद असतो, गोळी त्यालाही थोडी अडवते.

मग दुर्मीळ पण गंभीर गोष्टी. एका डोळ्याची नजर अचानक जाणं, याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्ये वेष्टनावर घालायला लावला. अचानक ऐकू न येणं, याचा २००७ मध्ये. गोळीमुळेच होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण झालं तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. चार तासांहून जास्त ताठरता राहिली, तर ती मर्दुमकी नव्हे, ती इमर्जन्सी आहे. आत रक्त साकळून कायमची इजा होते. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी घेणाऱ्यांना उभं राहताना चक्कर येऊ शकते. काही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरच्या काही गोळ्या हिचं रक्तातलं प्रमाण वाढवतात. वर दारू असेल तर बीपी आणखी खाली.

ही यादी परत एकदा वाचा. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेळेवर तोंड उघडलं तर टळते किंवा आटोक्यात येते. आणि प्रत्येक गोष्ट गप्प बसलं की बिघडते. डोळ्याने दिसेना झालं म्हणून गेलेला माणूस डॉक्टरला सांगणार आहे का, की काल काय घेतलं होतं? मी तर छातीत कळ असताना सांगत नव्हतो.

कुणी म्हणेल, गोळीच नको, आपलं आयुर्वेदिक बरं. लोकलने जाणाऱ्यांना ट्रॅकच्या कडेच्या भिंतींवरची ती रंगवलेली अक्षरं पाठ असतात. गुप्तरोग, कमजोरी, शर्तिया इलाज. अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा १९५४ चा आहे! औषधे आणि जादुई उपाय कायदा. म्हणजे माझ्या जन्माच्या आधीपासून ती भिंत बेकायदेशीर आहे आणि माझ्या जन्माच्या आधीपासून ती रंगवली जातेय. आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या-कॅप्सुलांत काय निघतं? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा ‘नैसर्गिक’ मालात लपवून घातलेलं सिल्डेनाफिल कितीतरी वेळा पकडलं आहे. म्हणजे हार्ट पेशंट बिचारा जडीबुटी समजून घेतो आणि त्याला ठाऊकच नसतं, की सॉर्बिट्रेट आता त्याची वैरीण झाली आहे. खऱ्या आयुर्वेदाशी माझं भांडण नाही. ज्या पुडीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, तिच्याशी आहे.

सिंगापूरची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. २००८ साली, जानेवारी ते मे या काळात, तिथल्या सरकारी हॉस्पिटलांत डायबेटिस नसलेले दीडशे रुग्ण रक्तातली साखर एकदम खाली गेलेली अशा अवस्थेत आले. शोध घेतल्यावर कळलं, की बेकायदा विकल्या जाणाऱ्या ‘ताकदीच्या’ गोळ्यांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं होतं. डायबेटिसचं औषध! चार जण गेले. आणि दीडशेपैकी अशी गोळी घेतल्याचं कबूल केलं किती जणांनी? पंचेचाळीस. बाकीच्यांत अजूनही काही जण असे असतील, जे बेशुद्धीतून उठूनही गप्प राहिले. मला ते परके वाटत नाहीत.

मेडिकलवाल्यांवर मी चिडलोय, लपवत नाही. हे शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं त्या पट्टीवरच छापलेलं असतं, लाल रेघ असते. कात्रीने कापलेल्या चार गोळ्यांच्या तुकड्यावर अर्धं नावही उरत नाही. निदान एक प्रश्न विचारा ना, ‘काका, हार्टची गोळी चालू आहे का?’ तीन सेकंद लागतात. डॉक्टरांवरही चिडलोय. डायबेटिसच्या पुरुषांत ही तक्रार निम्म्यांच्या आसपास असते, हे तुम्हाला पुस्तकात शिकवलेलं आहे. मग मुंग्या विचारता तसं हेही विचारा. पेशंट लाजतो हे मान्य, पण तुम्हीही लाजायचं?

पण सगळ्यात जास्त चिडलोय आमच्यावर. पुरुषांवर. कारण हा आजार नुसता बेडरूममधला नाही, हे आम्ही ऐकूनच घेत नाही. त्या भागातल्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार मिलिमीटरच्या. चरबी साचायला लागली, की त्रास आधी बारीक नळीत दिसतो. म्हणून ही तक्रार पुष्कळांच्या बाबतीत हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी येते. ती फजिती नसते, ते समन्स असतं. आणि आम्ही काय करतो? स्टेशनजवळून गोळी आणून ते समन्स न वाचता फाडून टाकतो. कधी कारण आणखी साधं असतं. बीपीची काही औषधं, नैराश्याच्या काही गोळ्या यांनीही ही तक्रार येते, आणि डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतो. पण त्याला कळलं तर ना.

मला काय निघालं सांगतो. त्या रात्रीनंतर डॉक्टरांकडे गेलो, हिला घेऊन, आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी बोलला असतात, तर तेव्हाच हृदयाची तपासणी केली असती.” मग ट्रेडमिलवर पळवलं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. (वैद्यकात पॉझिटिव्ह म्हणजे वाईट, हे एक त्यांचं अजबच.) तीन महिन्यांची साखरही बघण्यासारखी नव्हती. आता औषधं वाढलीत, चालणं सुरू आहे, पुढच्या तपासण्या चालू आहेत. ती गोळी सध्या बंद. परत घ्यायची की नाही, किती घ्यायची, हे डॉक्टर ठरवतील, ऑफिसातला मित्र नाही.

आता तो नेहमीचा आक्षेप. ‘या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, आपली संस्कृती आहे.’ अहो, याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत एकहाती चालवलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांना दंड झाला, पण मासिक थांबलं नाही. ते मासिक काढणारा माणूस आणि त्याची वकिली करणारा माणूस आपल्या संस्कृतीत बसत नसतील, तर मग आपली संस्कृती म्हणजे नुसती ती ट्रॅकशेजारची भिंत उरते. तिच्यावर हा विषय चारशे फुटांत रंगवलेला चालतो, घरात एका वाक्यात बोललेला चालत नाही.

मी काही तुम्हाला दिवाणखान्यात भाषणं करा म्हणत नाही. बेडरूममधल्या गोष्टी बेडरूममध्ये राहू देत. पण औषध ही बेडरूममधली गोष्ट नाही. ते रक्तात जातं, आणि रक्त सगळीकडे जातं. म्हणून मागणं एवढंच. घेत असाल तर डॉक्टरला सांगून घ्या. बायकोला सांगा, कारण रात्री दोन वाजता जिभेखाली गोळी ठेवायला येणारी तीच असते. छातीत दुखलं तर १०८ ला फोन, आणि पहिलं वाक्य, अमुक वाजता अमुक गोळी घेतली. आणि वहिनी, मावशी, ताई, तुम्हाला सांगतो. विचारा. भलत्या वेळी विचारलं म्हणून कुणाचा मान जात नाही.

शेवटचं अण्णांबद्दल. त्या रात्री मी त्यांना बाहेर जायला सांगितलं, पण ते गेले नव्हते. दाराच्या मागेच उभे होते, सगळं ऐकलं होतं. आठ दिवस एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले. नवव्या दिवशी दुपारी हाक मारली, हातात स्टीलची डबी दिली आणि म्हणाले, “तुझं अक्षर बरं आहे. एक चिठ्ठी लिहून हिला चिकटव. ती गोळी घेतली असेल तर ही देऊ नये, अशी. माझ्या उशाशी असते, पण घरात कुणालाही लागते.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि मोठ्या अक्षरात लिही. आपल्या हिंमतला पण एक लिहून दे.”

हिंमत म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याच्या वतीने मी काही बोलत नाही. :) पण चिठ्ठी मी दोन लिहिल्या.

ता. क. – हिने लेख वाचला. म्हणाली, गुलाबजाम दोन नव्हते, चार होते.